आक्षेपकर्त्याच्या दफनाची वेळ

दि. २२ सप्टेंबर १८४६

प्रति,
मतदारयादी तपासणारे माननीय बॅरिस्टरसाहेब,
जॉर्ज सराय, हॅकस्बी.

विषय : शुक्रवारची सुनावणी अकराऐवजी दुपारी तीनला घेण्याबाबत.
संदर्भ : माझ्या नावावरील आक्षेप, नववा.

महोदय,

मी ओबडाया स्क्रिव्हन, वय एकाहत्तर, ऑर्मबी गावच्या चर्चचा कारकून. प्रार्थनेत साऱ्या गावाच्या वतीने ‘आमेन’ म्हणणे आणि दफनाला हजर राहणे हे माझे काम. ते तहहयात असून त्याला गवताच्या जमिनीचा एक तुकडा जोडलेला आहे. वर्षाला चाळीस शिलिंग देणारा असा हक्क ज्याच्याकडे, त्याला काउंटीत मत, असा कायदा आहे.

तरीही आमच्याच गावचे एक मतदार श्री. जेबेझ टनार्ड दरवर्षी छापील कागदावर माझ्या नावाला आक्षेप घेतात. कारण लिहावे लागत नाही, म्हणून लिहीत नाहीत. मी सात मैल चालत येतो आणि हक्क शाबीत करून परत जातो. १८४० साली पाय सुजल्याने आलो नाही, तर नाव कापले गेले. एकदा आपल्या आधीचे साहेब म्हणाले, “तहहयात म्हणता, पण तुम्ही तर अजून जिवंत आहात. शाबीत कसं करणार?” सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

गेल्या रविवारी श्री. टनार्ड वारले. दफन शुक्रवारी अकरा वाजता, आमच्याच चर्चमध्ये. त्यांच्यासाठी ‘आमेन’ मलाच म्हणायचे आहे. न म्हटले तर कामात कसूर. काम गेले की गवत गेले, गवत गेले की मत गेले. म्हटले तर सुनावणीला गैरहजर, म्हणजे मत गेलेच. काल चालत येऊन आपल्या कारकुनांना विचारले. ते म्हणाले, “टनार्ड मेले असतील, आजोबा. आक्षेप कुठे मेलाय? त्यांचा माणूस येणारच.”

माझी बायको म्हणते, “सोडा आता तो नाद. एवढी पायपीट करून एकदा तरी मत दिलंय का?” दिलेले नाही. सदतीस साली जागा दोन आणि उमेदवारही दोनच, मतदान झालेच नाही. एक्केचाळीसला नाव कापलेले होते. आता निवडणूक पुन्हा येऊ घातली आहे आणि मी फार थकलो आहे.

तरी तीनची वेळ द्यावी, ही विनंती. मी कोणत्याही पक्षाचा नाही. मत कोणाला द्यायचे हे मी अजून ठरवलेले नाही. ठरवायची पाळीच कधी आली नाही.

आपला नम्र, पायीच येणारा,
ओबडाया स्क्रिव्हन