सॉफ्ट काडतुसं

रविवार, १४ सप्टेंबर
बुकित बातोक

पिस्तुलाच्या मॅचमध्ये आजच्याइतकं चांगलं मी कधीच मारलं नव्हतं, आणि स्कोअर धरलाच नाही! गोळीचा वेग मोजला, तो किमान वेगापेक्षा कमी भरला. नियमच आहे, भांडणार कुणाशी?

माझी काडतुसं क्लबातले लिम अंकल भरतात. पावडर किती घालायची, ते मी तीन महिने चाचण्या करून ठरवलं होतं. आज त्यांना जाब विचारला, तर हसून म्हणाले, "लिटल बिट लेस, लाह. युअर रिस्ट पेन. सॉफ्ट इज बेटर."

सॉफ्ट! मला न विचारता? मी काय काचेची बाहुली आहे? तरीच सकाळपासून झटका कमी बसत होता. आणि मी मूर्ख, मला वाटलं माझा हात सुधारला.

पण मनगट दुखतंय हे अंकलना कळलं कसं? क्लबात मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त एका माणसाला सांगितलं होतं. श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला. गेल्या रविवारी मला घ्यायला आला, तेव्हा तो आणि अंकल कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसले होते.

आत्ता तोच स्वयंपाकघरातून विचारतोय, "मनगट शेकायला पाणी गरम करू का गं?"