लाल पट्ट्याचा ड्रम

नाना,

वाम गेली. तुमच्या मागे बारा वर्षं राहिली आणि गेल्या मंगळवारी सकाळी गेली. मागच्या अंगणात कढीपत्त्याखाली पुरली तिला. टाकी अजून तशीच आहे. पाणी काढलेलं नाही, हवेचा पंपही बंद केलेला नाही. नुसत्या वाळूवर बुडबुडे सुटत राहतात आणि मी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी तिकडे बघते. हे दुःख चार लोकांत सांगण्यासारखं नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर म्हणाले असते, मासाच ना, दुसरा आणा. त्यांचंही बरोबर आहे, मासाच होता. पण तुम्ही असतात तर टाकीजवळ जाऊन उकिडवे बसला असतात आणि मग मला विचारलं असतंत, काय झालं. तेवढं एक विचारणारं आता कोणी नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्ही नाही आहात म्हणूनच मला हे लिहायचा धीर होतोय.

धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. एका भिंतीला आईची चूल, मग गॅस, त्याच्या बाजूला पाण्याचे दोन ड्रम आणि ड्रमच्या पलीकडे तुमची काचेची टाकी. स्वयंपाकघरात टाकी ठेवणारं गल्लीत आपलंच घर. आई म्हणायची, पाहुण्यांना वाटतं आम्ही हिला कापून खाणार आहोत. तुम्ही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. बरण्या पुसायच्या, बेडूक मोजून द्यायचे, प्रॅक्टिकल झालं की टेबलं धुवायची. तापीकाठच्या भोईंकडून एकदा बरणीत ठेवण्यासाठी दोन वामी आल्या होत्या. एक बरणीत गेली. दुसरी तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, सायकलवरून घरी आणलीत. लांब, तपकिरी, पाठीवर बारीक काट्यांची रांग आणि पुढे लवलवणारं टोकदार नाक. मी म्हटलं, साप आहे. तुम्ही म्हणालात, "साप नही व, वाम शे. नाक दख तिनं, तुन्हा आजानागत शे."

तुम्ही पांझरा नदीची वाळू आणून चाळणीने चाळलीत, आईच्या पिठाच्या चाळणीने, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. खडी चालत नाही, हिचं पोट सोललं जातं, असं तुम्ही मला समजावत होतात, आईला नाही. वाम वाळूत शिरली आणि दिसेनाशी झाली. फक्त नाकाचं टोक वर. तीन आठवडे तिने काही खाल्लं नाही. सुका चारा तिच्यासमोर पडून कुजला. मग तुम्ही न्हाणीमागच्या अळूतली गांडुळं काढायला लागलात. ती धुवायची, एक बोटांत धरायचं आणि दिवेलागणीला हात पाण्यात सोडून बसायचं. हात बधिर होईपर्यंत. मीही बसायचे. "हात हालाडू नको. तिले भूक लागनी म्हंजे ती यी." एक दिवस ती आली. वाळू जराशी हलली, नाक पुढे आलं, गांडूळ हुंगलं आणि शेवई ओढावी तसं सुर्रकन आत ओढलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझ्या दहावीच्या निकालालाही तुमचा चेहरा तसा झाला नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही.

आणि तो नळाचा दिवस. आपल्याकडे नळ यायचे तेच मुळी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे नळ आले की घरात सण. आधी सगळं शिळं पाणी काढून टाकायचं, हंडे-कळश्या घासायच्या, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे आईला उष्टं ताट ठेवल्यासारखं वाटायचं. फक्त एका ड्रमला हात लावायचा नाही, ज्याच्यावर तुम्ही लाल रंगाचा पट्टा ओढला होता. तो वामीचा. त्यातलं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत जायचं. मी दहा वर्षांची असेन. आपण गार, ताजं पाणी प्यायचं आणि बिचारीने शिळं, हे मला बघवेना. मी नळाखालची बादली उचलली आणि टाकीवर धरली. तुम्ही दारातून आलात आणि माझं मनगट धरलंत. बादली पडली, आईचं मळलेलं पीठ वाहून गेलं. आयुष्यात तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. "मारी टाकशी का तिले? माणूसले ताजं, मासोयीले शियं! ध्यानमा ठेव." मग माझ्या नाकाशी बादली नेलीत. नळाच्या पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत होता. हा वास आपल्याला नुसता वास, तिला विष, असं म्हणालात. मनगटावर तुमच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. ध्यानात राहिलं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मग मी लग्न मोडून जळगावला आले ते वर्ष. मेहरूण तलावाजवळ दोन खोल्या, ऑफिसची नोकरी, आणि संध्याकाळी घरी जायचं जिवावर यायचं. तलावावर बसून राहायचे, घरी आले की बिस्किटं खाऊन झोपायचे. फोनवर आईला सांगायचे, वरण-भात केला. आईचा विश्वास बसायचा, तुमचा बसला नसणार. एका रविवारी तुम्ही धुळ्याहून एसटीने आलात. मांडीवर दुधाची किटली, तोंडाला ओला पंचा बांधलेला. किस्सा तुम्हीच सांगितला होतात. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "नाना, दूध नासी जाई ना या उन्हमा?" तुम्ही म्हणालात, "दूध नही भो, पोरले सोबत लई चालनू." किटलीत वीतभर वाम होती. निवृत्तीनंतर तुम्ही नवी पाळली होती ती. दुसऱ्या फेरीला टेम्पोने टाकी आली, वाळू आली आणि लाल पट्ट्याचा ड्रमही आला. मी चिडले होते. म्हटलं, नाना, मला माझं होत नाही, हिचं कुठून करू? तुम्ही झाकणावर दगड ठेवत होतात, ती फटीतून निसटते म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणालात, "ही हातनंच खास. दुसरं काही खात नही. तिले भूक लागनी म्हंजे तुले घर येनंच पडी." आठ महिन्यांनी तुम्ही गेलात.

मी घरी येत राहिले. तिच्यासाठी का होईना, रोज दिवेलागणीच्या आत. गांडुळं भरायची, धुवायची, हात पाण्यात. मग हात धुतलाच आहे तर कणीक भिजवायची. असं करत करत मी जेवायला लागले. तुम्ही काय केलंत हे मला कळायला दोनेक वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात.

पण नाना, बारा वर्षं हा फार मोठा काळ आहे. इथल्या मे महिन्यात जमीन अशी तापते की हातभर खणलं तरी गांडूळ मिळत नाही. माठात ओलं शेणखत घालून, वर भिजलेलं पोतं टाकून ती जपायची. संपली की बाजारातून कोळंबी आणून बारीक चिरायची, तीही ती चार दिवस रुसल्यावर खायची. दोन दिवस कुठे जाता येत नव्हतं. अमळनेरला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, जेवणही न करता परतीची बस धरली. मैत्रीण अजून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी आईला इथे आणलं. तिचं विसरणं वाढलंय. गॅस विसरते, गोळ्या विसरते, एकच गोष्ट चारदा विचारते. म्हणजे घरात खाऊ घालायला दोघी झाल्या. दोघींना माझ्याच हातचं लागतं आणि दोघीही रुसतात. मी थकले होते. एवढं वाक्य मी कोणाजवळ बोलले नाही, तुमच्याजवळ बोलते. मी थकले होते आणि टाकीकडे बघून मला कधी कधी राग यायचा.

वाम जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. त्या दिवशी पाच दिवसांनी नळ आले. सकाळची घाई. आईला नळाचा दिवस मात्र पक्का कळतो, ते काही ती विसरत नाही. तिने पदर खोचला, भांडी काढली, लाल पट्ट्याचा ड्रमही उपसून टाकला आणि ताजा भरला. मी आरशासमोर होते. मागून तिचा आवाज आला, हातात बादली. "उन्हमा टाकीनं पाणी कितलं आटी गयं दख. मासोयीले बी ताजं टाकी देऊ का व?"

मी म्हटलं, "टाक."

ऐकू आलं नाही असं नाही. गडबडीत तोंडातून निघालं असंही नाही. मी ते ऐकलं, मला कळलं, आणि मग मी 'टाक' म्हणाले. गाडी काढली. तलावाच्या वळणावर थांबले, मोबाईल हातात घेतला. आईला फोन करून नको म्हणायला एक मिनिट लागलं असतं. मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि ऑफिसला गेले. दिवसभर कामात लक्ष लागत होतं, हे लिहायला लाज वाटते.

संध्याकाळी आले तेव्हा ती वाळूबाहेर होती. भर उजेडात, वरच्या पाण्यात, नाक हवेत काढून तोंड उघडझाप करत होती. अंगावर पांढुरका थर आला होता. मग मी धावले. शेजारच्यांकडून माठातलं, पिंपातलं, मिळेल तिथून शिळं पाणी आणलं, लोक बघत राहिले. तिने आठ दिवस काढले. आठही दिवस दिवेलागणीला मी गांडूळ धरून हात पाण्यात सोडून बसले. हात हलवला नाही, नाना. पहिले दोन दिवस ती जवळ आली, हुंगून मागे गेली. नंतर वाळूत शिरायचंही बळ राहिलं नाही, काठाशी आडवी पडून असायची. मला वाटलं होतं सुटेन. सुटका वगैरे काही नसतं. आता संध्याकाळी घरी कशाला यायचं ते कळत नाही, आणि कणीक भिजवायला हात जात नाही.

आईला फक्त बादली आठवते. स्वतःच्या हातातली बादली. आल्या-गेल्याला सांगते, "मन्हाच हाते गयी माय ती. त्यासनी इतला वरीस सांगं व्हतं, तरी मी भुलनू." जेवताना मध्येच हात थांबतो तिचा. मी म्हणते, जाऊ दे आई, म्हातारी झाली होती वाम. किती थोर मनाची मी! शेजारच्या बाई परवा म्हणाल्याही, तुम्ही आईंना एका शब्दाने बोलला नाहीत, दुसरी कोणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

काल दिवेलागणीला आई टाकीसमोर बसली होती. म्हणाली, "का व, त्या दिन मी तुले इचारं व्हतं का?"

तिचा चेहरा वर झाला होता. कित्येक महिन्यांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी धरून ठेवल्यासारखं दिसत होतं. मी दुसरं काही म्हणायची गरज नव्हती, नुसतं 'हो' पुरलं असतं.

मी म्हटलं, "नाही आई. नाही विचारलंस."

"मंग मन्हीच चुकी," ती म्हणाली, आणि पुन्हा वाळूकडे बघायला लागली. आज सकाळी तिने हाच प्रश्न परत विचारला. मी परत तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

तिने विचारलं होतं, नाना. हे आता फक्त मला माहीत आहे. आईला वाचता येत नाही, हे पत्र मी टाकीवर उघडं ठेवलं तरी चालेल. तरी मी त्याची घडी करून लाल पट्ट्याच्या ड्रमखाली सरकवणार आहे.