भाट्याच्या पडवीतले सूर्यास्त

मंगळवार, १ डिसेंबर १९३१

आज सकाळी बोटीतून पडावात, पडावातून रत्नागिरीच्या धक्क्यावर आणि तिथून तरीने खाडी ओलांडून भाट्याला आलो. हवा स्वच्छ आहे. घर पाहूनच मन हलके झाले. चिऱ्याचे, कौलारू, खाडीच्या तोंडावरच्या उतारावर एकटेच उभे. पडवी पश्चिमेला. समोर समुद्राखेरीज काही नाही.

बारा वर्षे मी गावोगाव बोललो. अस्पृश्यता, नवस, अंगात येणे, ग्रहणातले उपास, कशालाही सोडले नाही. टाळ्या मिळाल्या, दगडही मिळाले. गेल्या महिन्यात पुण्याच्या सभेत बोलता बोलता वाटले, हा जो ओरडतो आहे तो कोण? त्या रात्रीपासून धड झोप नाही. माझा स्नेही रावजी मुंबईला गिरणीत हिशेबनीस आहे. त्याने आपले गावचे घर दोन महिन्यांसाठी दिले. म्हणाला, जा, आणि तोंड मिटून बस.

तोंड मिटून करण्यासारखे एक काम बरोबर आणले आहे. खिशात मावणारा घडीचा कॅमेरा. झाकण उघडले की काळा भाता पुढे सरकतो. एका फिल्मवर आठ फोटो. पाठीमागे बारीक झडप आहे; ती उघडून लोखंडी काडीने फिल्मवरच तारीख आणि वेळ लिहिता येते. रोज याच कठड्यावर कॅमेरा ठेवून सूर्यास्ताचा एक फोटो घ्यायचा असे ठरवले आहे. सूर्य बुडतानाचा नव्हे, बुडाल्यानंतरचा, सव्वासहाचा. त्या उजेडाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर

राहीची आणि माझी आज जुंपली. राही घर सांभाळते, दोन वेळा भाकरी-कालवण करून जाते. खाली वाडीत राहते. नवरा जानू आणि दीर शिवा यांची मासेमारीची होडी आहे. मी इतका बोलतो म्हणजे मास्तरच असणार असे तिने ठरवून टाकले आहे.

ती तिन्हीसांजेला पडवीच्या कोनाड्यात मोठा कंदील लावते. माझे काल-परवाचे दोन्ही फोटो त्याच्या उजेडाने डागाळले असणार, कारण उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा डोळा मिनिटभर उघडा ठेवावा लागतो. मी सांगितले, दिवा नको. ती म्हणाली, नेम आहे, सासूच्या सासूपासूनचा. होडी बाहेर असली की इथे दिवा हवाच.

झाले. नेम हा शब्द ऐकला आणि बारा वर्षे माझ्या जिभेवर चढली. दिव्याने वादळ थांबते काय, वात विझली म्हणून नवरा बुडतो काय, असे अर्धा तास बोललो. ती भांडी घासत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुमचं बोलणं लई गॉड. पन कालवन गार झालं." आणि जाताना कंदील लावून गेली.

मंगळवार, ८ डिसेंबर

पहिली फिल्म संपली. कोठीच्या खोलीत लाल कागद लावलेल्या दिव्यात धुतली. आठ संध्याकाळी, आठही निराळ्या. एकीत ढगांची नांगरट, एकीत नुसती राख, एकीत पाण्यावर चांदीची पट्टी. आठांवरही उजवीकडे कंदिलाचा पांढरा डाग. चीड आली. झोप अजून नाहीच.

बुधवार, ९ डिसेंबर

अवस. राही दिवा लावून गेली. आज आकाश असे पेटले होते की तसे पुन्हा दिसणार नाही. सहा पंधराला फोटो घेतला, झडप उघडून वेळ लिहिली. पुढचे सकाळी लिहितो आहे: खुर्चीतच डोळा लागला तो थेट उजाडता जागा झालो. महिन्याभराने अशी झोप.

गुरुवार, १० डिसेंबर

जानूची होडी आली नाही.

तीन दिवसांपूर्वी दोन होड्या गेल्या होत्या. दुसरी बाबू तांडेलाची. ती आज उजाडल्यावर आली. बाबू माझ्या अंगणात उभा राहून सांगत होता. किल्ल्यावरच्या दीपगृहाने रत्नागिरी कळते, खाडीचे तोंड कळत नाही. तोंडाशी वाळूचा बांध आहे. या घराचा दिवा नाकासमोर धरला तरच होडी बांध चुकवून आत येते. काल काळोखात दिवा दिसलाच नाही. बाबूने होडी बाहेरच ठेवली. जानू मात्र हसला म्हणे. माझ्या बायकोचा दिवा चुकत नाही, पुढे गेलं की दिसेल, असे म्हणून पुढे गेला.

म्हणजे हा नेम. मी तिला अर्धा तास सुनावले, पण कशासाठी, असे एकदाही विचारले नाही.

बाबू राहीला सगळ्यांसमोर म्हणाला की दिवा तू लावलाच नाहीस. राही माझ्याकडे वळली. "मास्तर सांगतील. खोटं बोलायचे न्हाईत ते. सांगा वो, दिवा व्हता ना?"

मी म्हणालो, मी झोपलो होतो. मला ठाऊक नाही.

शुक्रवार, ११ डिसेंबर

फुंकर मी घातली. हे वहीत लिहायलाही दोन दिवस लागले. फोटोपुरती, दहा मिनिटांसाठी. मग परत लावणार होतो. झोप लागली.

वाडीत राहीशी कोणी बोलत नाही. नवऱ्याला आणि दिराला तिनेच मारले म्हणतात. ती तरीही भाकरी घेऊन आली. मला म्हणाली की, दिवा लावल्याचे हातांना आठवते, पण सगळेच नाही म्हणतात, तेव्हा आता तिचाही भरवसा उडत चालला आहे. मी मान खाली घालून जेवलो. उद्या सांगेन. आज फार थकलो आहे.

शनिवार, १२ डिसेंबर

नवी फिल्म अर्धीच कापून धुतली. तीन फोटो. ९, १० आणि ११ तारखा माझ्याच अक्षरात, वेळ सव्वासहा.

तिन्ही एकच आहेत. तोच ढग, तीच कड. आणि सूर्य तिन्हींत पाण्याच्या बोटभर वर. सव्वासहाला सूर्य नसतो. तो बुडालेला मी डोळ्यांनी पाहिला होता. सूर्याच्या पोटात एक होडी, शीड उतरवलेले. दोन माणसे उभी. तोंडे घराकडे.

काच डागाळली असेल. फिल्म पुढे सरकवायला विसरलो असेन. पण मग तीन तारखा तीन चौकटींत कशा?

रविवार, १३ डिसेंबर

आज डोळ्यांनी. सहा पन्नासला सूर्य बोटभर वर. घड्याळ बंद पडले असेल म्हणून खाली वाडीत विचारायला निघालो. इथे बांबूच्या फाटकाला बेडे म्हणतात. बेड्याबाहेर पाऊल टाकले तर मिट्ट काळोख, चांदण्या, घराघरांत दिवे. आत आलो. ऊन.

घड्याळ चालू आहे.

सोमवार, १४ डिसेंबर

रात्रीचे नऊ. सूर्य तिथेच. पडवीत माझी सावली लांब पडली आहे. डोळे मिटले तरी पापण्यांतून लाल. बारा वर्षांत कधी नाही इतका दमलो आहे, आणि दिवस संपत नाही. होडीतले दोघे हललेले नाहीत. वाट पाहणारी माणसे अशीच उभी राहतात.

राही सकाळी आली नाही. की सकाळच झाली नाही—

१५ डिसेंबर, बहुधा

कंदील लावला. घरातला दिवा, समई, मेणबत्त्या, सगळे कोनाड्यात लावले. उन्हात ज्योत दिसत नाही. दिवा दिसल्याशिवाय ते येणार नाहीत. ते आल्याशिवाय सूर्य जाणार नाही. सूर्य गेल्याशिवाय दिवा—

बेड्याबाहेर जाता येत नाही. पाऊल टाकतो आणि पुन्हा अंगणातच.

नंतर

राही आली आहे. बेड्याबाहेर, तिच्या रात्रीत, हातात कंदील. बरोबर बाबू आणि वाडीतली माणसे. बाबू म्हणतो, घर काळोखात आहे, मास्तर पळाला. उद्या वाडी तिला बाहेर काढणार. तिने फक्त एकदा विचारायला मागितले होते. मला. पुन्हा.

मी ओरडलो. सगळे सांगितले. दिवा तू लावलास, विझवला मी. असा कधी बोललो नव्हतो, एकही शब्द वाढवला नाही. ती माझ्याकडेच बघत होती, चार हातांवरून. ऐकू गेले नाही. एकालाही नाही.

मागे पाण्यात वल्ह्याचा आवाज झाला. होडीतल्या दोघांना ऐकू गेले.

नंतर

होडी हलली. सरळ येते आहे, बांधावरून, जणू बांध नाहीच. जानू पुढे उभा. तो हसतो आहे— नाही. त्याचे तोंड वाळूने—

एवढे लिहून झाले की वही बेड्यावरून फेकतो. पलीकडे रात्र आहे, कुणाच्या तरी पायाला लागेल. मागची पाने भिजली तरी एवढे एक पान वाचा. राहीला लिहिता-वाचता येत नाही, तिला मोठ्याने वाचून दाखवा, सगळ्या वाडीसमोर.

पायऱ्यांवर पाणी आले. ते वर येताहेत, ओले पाय, घाई नाही त्यांना. विचारताहेत, कोणी? मी लिहितो आहे, थांबा, लिहू द्या— ९ डिसेंबरला दिवा राहीने लावला होता, तो विझवणारा मी, माझे नाव—