आक्काला ‘पावणं’ म्हणालो, त्याचं कारण

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आक्कास,

सोमशेखरचे शरणु शरणार्थी. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की अजून ते जयसिंगपूरच्या धुळीलाच शिव्या घालतायत? इकडं आम्ही ठीक. (म्हणजे तुझी भावजय पवित्रा ठीक. माझं सांगतो.)

मागं तू आलीस तेव्हा मी दारात तुला बघून “या पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?” असं विचारलं आणि तू पायरीवर बसून रडलीस. ती मस्करी न्हवती, आक्का. डोक्याचा कारभार त्याआधीच बिघडलेला. मुरगूडचं एक गिऱ्हाईक दुकानात पंपाचं बेअरिंग न्यायला आलं, त्याला मी माझा जेवणाचा डबा बांधून दिला आणि बेअरिंग घरी आणून पवित्राच्या हातात ठेवलं. (माणूस भला. डबा धुऊन परत केला, वर वांग्याला मीठ कमी म्हणाला.) मग एका लग्नाला गेलतो, तर शेजारच्या हॉलात शिरलो. तिथं पतसंस्थेची वार्षिक सभा. मी अध्यक्षांवर अक्षता टाकल्या आणि ठरावाच्या विरोधात हात वर केला. विरोधी पॅनेलनं मला चहा पाजला.

किडन्या थकल्यात हे माहीत होतं, पण त्यांचा डोक्याशी काय संबंध? मला वाटायचं किडनी म्हणजे फिल्टर, तुंबला तर पाय सुजणार, संपलं. डॉक्टर भैरवीबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की ती नुसती गाळत न्हाय. आपण खातो त्या प्रोटीनचे रक्तात बारीक तुकडे फिरतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातली काही किडनी स्वतः तयार करते, बाकीच्यांचं प्रमाण सांभाळते. ती बसली, की काही कमी पडतात, काही साचतात. मेंदूत शिरायची वाट सगळ्यांना एकच, त्यामुळं नको ती जास्त घुसतात आणि हवी ती बाहेर राहतात. मेंदूचे निरोप नेणारी रसायनं त्यांच्यापासूनच बनतात. त्यात रक्तातली घाण वेगळी. मग सख्खी बहीणसुद्धा परकी दिसते.

आता डायलिसिस सुरू झालंय. डोकं जाग्यावर आलंय. (आधी डाळ कमी खा म्हणाल्या, आता प्रोटीन वाढवा म्हणतात, कारण त्या मशीनीत कचऱ्याबरोबर चांगली आम्लंही वाहून जातात.)

तू फोनवर म्हणालीस, “माझी एक घे की, मला दोन काय करायच्यात?” त्यावर माझा पक्का निश्चय कळवतो. घेणार न्हाय. शाळेत तुझी सायकल घेतली, ते तू अजून प्रत्येक दिवाळीला काढतेस. किडनी घेतली तर मला सणालाच येता यायचं न्हाय. मी मशीनवर बसेन, सुया सोसेन, पण तुला टेबलावर झोपवणार न्हाय. विषय संपला.

तुझा,
सोमशेखर

ता. क. : पवित्रानं वरचं वाचलं. “आक्कांच्या किडनीचं आक्का ठरवतील, तुम्ही कोण?” म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अजून उघडलं न्हाय.

ता. क. २ : डॉक्टरबाई म्हणतात, सख्ख्या बहिणीची जुळायची शक्यता चांगली. पण आधी तुझ्या तब्येतीची पूर्ण तपासणी, आणि तुला जरा जरी धोका दिसला तर त्या स्वतःच नको म्हणतील. हे मी दोनदा विचारून घेतलं.

ता. क. ३ : गुरुवारी उपाशीपोटी ये. पहिल्या एसटीला गर्दी असते, दुसरीनं ये. मला अजून जगायचंय की, आक्का.