सत्त्याहत्तर गुण

४ जून

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

या पत्राने मला एवढेच सिद्ध करायचे आहे की, छकुलीला शाळेने दिलेल्या मदतनीस बाईंची गरज नाही. तिच्या आईला मात्र शिस्तीची आहे. तू म्हणतेस, आठ वर्षांची झाली तरी तिला काय हवे ते सांगता येत नाही. मी म्हणतो, तुम्ही शिकवले नाही. मी मुख्याध्यापक होतो. मूल्यांकन केंद्रात घेतात ती चाचणी-पुस्तिका माझ्या कपाटात आहे. सुट्टीभर सकाळ-संध्याकाळ तीच घेतली. आता पहिले चित्र दाखवताच ती ‘त्रिकोण’ म्हणते. प्रत्येक उत्तरानंतर ‘झालं?’ असे विचारते. मी नाही म्हणतो. रडली, पण विसरली नाही. सोमवारी तिला केंद्रात ने आणि मध्ये बोलू नकोस.

आशीर्वाद आहेतच, कृतज्ञतेची अपेक्षा आहे.

बाबा

२१ जुलै

तीर्थस्वरूप बाबांस, सा. न. वि. वि.

छकुलीला सत्त्याहत्तर गुण पडले. सत्तरच्या वर मदत मिळत नाही. मदतनीस बाई गेल्या, वाणी-उपचारही बंद झाले. फेरतपासणी दोन वर्षांनी. खिडकीतला कारकून म्हणाला, बाई, मुलगी हुशार निघाली, तोंड काय पाडता?

मदतनीस बाई तिचा चेहरा ओळखून तिला वेळेवर बाहेर नेत. परवा तिची चुळबुळ पाहून वर्गशिक्षिकेने विचारले, काय हवंय? ती म्हणाली, त्रिकोण. पुन्हा विचारले, पुन्हा त्रिकोण. मग बाक ओला झाला. आता सगळा वर्ग तिला त्रिकोण म्हणतो आणि तीही नावाने हाक आल्यासारखी वळून बघते.

चाचणी पाठ करून घेतली होती, असे तुम्ही सहीनिशी लिहून दिलेत तरच ती रद्द होईल. तुमच्या नावाला बट्टा लागेल, हे मला ठाऊक आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही.

लोभ तिच्यावर करा. माझ्यावर नसला तरी चालेल.

तुमची सून

२६ जुलै

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र चार वेळा वाचले; खोडून काढण्याजोगे एकही विधान सापडले नाही. काल फोनवर छकुलीला विचारले, मी कोण? ‘त्रिकोण,’ ती म्हणाली. मग, ‘झालं?’ या वेळी मी हो म्हटले.

केंद्राला धाडलेल्या कबुलीची नक्कल:

‘नातीकडून सर्व उत्तरे मी पाठ करून घेतली. ते सत्त्याहत्तर गुण माझे आहेत, माझ्या नावे लावावेत; तिची मदत तिला परत द्यावी. माझी चूक एकच: तिला काय येत नाही, ते मी कोणाला दिसू दिले नाही.

सही,
निवृत्त मुख्याध्यापक’