गाळणकागदावरचं हिरवं

३ मार्च
पोचलो एकदाच्या. सामान उतरवताना टेबलाचा एक पाय गेला, बाकी सगळं धड. क्वार्टर अगदी तळ्याला लागून. पाण्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस मी एकटीच, म्हणजे बाटल्या धुण्यापासून आकडे काढण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. ठकीच्या, माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या, तोंडाचा पट्टा झोपेपर्यंत चालू होता. तिचा बाबा बोटीवर असतो; तो आला की काय काय सांगायचं, ते तिने आजच ठरवून टाकलं. शेजारच्या ताईंनी तळ्यातला मासा आणून दिला. इथे सगळे तोच खातात. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

९ मार्च
काम सोपं आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी तापमापकांचा कारखाना होता, म्हणून पाण्यात पारा आहे का ते रोज बघायचं. पाणी गाळणकागदातून गाळायचं आणि यंत्रात घालायचं. पारा नसल्यातच जमा. कागदावर हिरवट बुळबुळीत थर उरतो, तळ्यातल्या सूक्ष्म शेवाळाचा. तो कागद टोपलीत जातो. साहेब म्हणाले, पहिल्यापासून असंच चालत आलंय.
इथली माणसं मोठी मजेशीर. सगळ्यांच्या हातून कप निसटतात, म्हणून काचेचे कप कोणी ठेवतच नाही. शर्टाची बटणं कायमची लावलेली, शर्ट डोक्यातून घालायचा. ताई म्हणतात, इथली हवाच आळशी. मी पोट धरून हसले.

२० मे
ठकीला मासा फारच आवडायला लागलाय. माझ्या ताटातलाही तिलाच वाढते. वाढतं अंग आहे. हल्ली लवकर दमते मात्र.

११ जुलै
शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. हाक मारली तरी ठकी वळत नाही म्हणाल्या, चालताना बाकांना धडकते. घरी येऊन पाहिलं. चेंडू समोर धरला तर तिला दिसतो, जरा बाजूला नेला की दिसत नाही. बोलणंही जड झालंय. डॉक्टर म्हणाले, इथली मुलं उशिराच फुलतात.
“ती फुललेली होती,” मी म्हणाले.
माझ्याही पायाला सारख्या मुंग्या येतात. दगदग असेल.

२ ऑगस्ट
ताईंच्या हातून उकळता चहा त्यांच्याच पावलावर सांडला. त्या बोलतच राहिल्या. त्यांना कळलंच नाही.
मी तशीच उठून प्रयोगशाळेत गेले. टोपलीतला कागद काढला, त्यावरचं हिरवं खरवडलं, आम्लात विरघळवून यंत्रात घातलं. आकडा यंत्राच्या मर्यादेबाहेर. पुन्हा केलं. तेच.
म्हणजे पाणी स्वच्छ आहे ते शेवाळामुळे. तळाच्या चिखलातले जीवाणू पाऱ्याचं अंगात मुरणारं विष करतात, शेवाळ ते पाण्यातून शोषून घेतं. शेवाळ किडे खातात, किड्यांना मासे. आणि मासे—

३ ऑगस्ट
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
“बाई, नियम पाण्याचा आहे. शेवाळ कोण खातं?”
बोलता बोलता ते सह्या करत होते. पेन केव्हाच निसटून खाली पडलं होतं. रिकामी बोटं कागदावर फिरत होती.

८ ऑगस्ट
केस तपासले. माझे आणि ठकीचे. माझ्यात पारा आहे, भरपूर. तिच्यात माझ्या कितीतरी पट.
माझ्या ताटातला—
मीच वाढला. रोज. आग्रह करकरून.
रडू आलं नाही. यायला हवं होतं. ओठ बधिर आहेत.

९ ऑगस्ट
शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. बस उद्या. ठकीच्या फ्रॉकची बटणं लावायला गेले, बोटं— जमलं नाही. डोक्यातून घातला. तिला हाक मारली. ती दुसरीकडेच बघून हसली.
भीती वाटायला हवी.

१० ऑगस्ट
बसथांब्यावर. तळ्याच्या अगदी काठाला, कठडा नाही. बसला उशीर आहे. माझं अक्षर मलाच लागत नाही— कडेचं दिसत नाही, मधलं तेवढं दिसतं.
डाव्या हातात ठकीचा हात धरलाय. धरलाय की नाही ते कळत नाही, म्हणून मान वळवून बघते. आहे.
काहीच वाटत नाही. ते सगळ्यात वाईट.
पुन्हा बघितलं. आहे.
वळणावर बस दिसतेय. आता वही ठेवते, फक्त एकदा—
मूठ घट्ट मिटलेली आहे. आणि मुठीत—