लोखंडी पूल आणि आठ नंबरचे टोकन

मी, उज्वला तानबा थूल, वय ६७ वर्षे, निवृत्त अनुरेखक, पाटबंधारे विभाग, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, माझ्या मर्जीने लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थरथरतात, पण तो आजार हातांचा आहे, विचारांचा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगते आणि तहसिलीसमोर बसणारे अण्णाजी टाइप करतात. एवढा मजकूर मृत्युपत्रात लागत नाही, असे त्यांनी आतापर्यंत दोनदा सुचवले आहे. लागतो, असे मी त्यांना दोन्ही वेळा सांगितले आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. आर्वी येथील तीन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझा पुतण्या आदेश बापूराव थूल याला द्यावे. मी लग्न केले नाही, पण घरात लेकरू वाढले नाही असे कोणी म्हणू नये. आदेश पाचवी ते बारावी माझ्याकडे राहून शिकला. आज तो वर्ध्याला शिक्षक आहे आणि दर महिन्याला माझ्या गोळ्या घेऊन येतो. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. घर पायात अडकवण्यासाठी बांधले नव्हते.

कलम २. बँकेतील ठेवी. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावा. त्यानंतर उरेल ती सर्व रक्कम रोहणा येथील विहाराच्या अभ्यासिकेला द्यावी. माझे वडील रोहण्याजवळच्या पट्ट्यात पुलगाव-आर्वी छोट्या लाइनवर गँगमन होते. रोज खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचे. मी त्याच गावात कंदिलाजवळ बसून चित्रकलेची परीक्षा पास झाले. त्या गावाचे माझ्यावर उपकार आहेत.

कलम ३. धुरपताबाई उईके एकोणीस वर्षे माझ्या घरी काम करतात. माझी शिलाई मशीन, स्टीलचे मोठे कपाट आणि सोन्याची एक अंगठी त्यांना द्यावी. प्लास्टिकचे ब्लॉक जोडून केलेले माझे सेट (पाहा कलम ४) पुसताना त्यांनी आजवर एकही पाडला नाही. एकदा दीपस्तंभाच्या सेटमधला मुगाएवढा पारदर्शक तुकडा हरवला होता. मी नाद सोडला. तिसऱ्या दिवशी त्या पदराच्या गाठीतून तो काढून म्हणाल्या, "बाई, हे तुमचं घ्या. केरात गेलतं." तीन दिवस त्या केर बाहेर टाकण्याआधी हाताने चाळत होत्या, हे मला नंतर कळले.

कलम ४. आता सेटविषयी, कारण मृत्युपत्र करायचे खरे कारण तेच आहे.

पाटबंधारे खात्यात मी छत्तीस वर्षे इतरांनी आखलेली धरणे, कालवे आणि पूल कागदावरून कागदावर उतरवले. एकही मी बांधला नाही. निवृत्तीनंतर आदेशने वाढदिवसाला एक छोटा सेट आणला. प्लास्टिकचे ब्लॉक आणि पायरीपायरीने दाखवलेले चित्रांचे पुस्तक. मी दोन तासांत एक पवनचक्की उभी केली आणि ती फिरली. त्या दिवसापासून मी सेट जमवू लागले. आज माझे स्वतःचे एकतीस आहेत.

माझा भाऊ बापूराव याला हे आवडले नाही. आदेशच्या लग्नाच्या बैठकीत, व्याह्यांसमोर, तो म्हणाला, "उज्वला, तुले लेकरू नाई म्हणून तू खेळनं घेऊन बसली." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सर्वांसाठी चहा केला. त्यानंतर चार वर्षे मी त्याच्याशी कामापुरतेच बोलले.

सन २०२३ च्या सुरुवातीला परदेशी कंपनीने लोखंडी रेल्वे पुलाचा सेट काढला. तीन हजार आठशे तुकडे, खाली दगडी खांब, वर कैचीचे गर्डर आणि छोट्या लाइनचे काळे इंजिन. वडील ज्या पुलावरून चालायचे तो याच्याहून लहान होता, पण गर्डरची ठेवण तीच. मला तो हवाच होता. त्याआधी आयुष्यात एवढी हाव मी कशाचीच धरली नव्हती.

पहिल्यांदा आदेश आणि मी सकाळी साडेनऊला, ऑनलाइन विक्री सुरू होताना, लॅपटॉप उघडून बसलो. सेट टोपलीत पडला, पत्ता भरला, पिनकोड भरला, आणि पैसे भरायचा आकडा मोबाइलवर येईपर्यंत माल संपला. चार मिनिटे झाली होती. दुपारी तेच डबे दुसऱ्या लोकांनी तिप्पट भावाने विकायला ठेवले होते. ज्यांना पूल जोडायचाच नव्हता त्यांच्याकडे पाच-पाच डबे होते, याचा मला फार संताप आला. दुसऱ्यांदा एका विक्रेत्याने नोंदणी घेतली आणि एकोणीस दिवसांनी एका ओळीचा निरोप पाठवून ती रद्द केली. मी दारावरच्या फळीवर जागासुद्धा मोकळी करून ठेवली होती.

तिसऱ्यांदा नागपूरच्या एका दुकानात सात डबे येणार असल्याचे आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर कळले. मी आर्वी आगाराची पहिली गाडी पकडली. दुकानदाराने टोकन वाटले, माणशी एक डबा. माझे टोकन सातवे होते. म्हणजे शेवटचा डबा माझा. माझ्या मागे आठ नंबरला एक रुंद खांद्यांचा, तेलकट नखांचा माणूस होता. तो कारंजा (घाडगे) येथील रुपेश चाफले, आमच्याच ग्रुपमधला, हायवेवर ट्रकच्या टायरचे दुकान चालवणारा.

रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती, म्हणून मी पाणी आणायला शेजारच्या टपरीवर गेले. तेवढ्यात सात नंबर पुकारला गेला. दोनदा पुकारला, असे नंतर सर्वांनी सांगितले. मग आठ पुकारला. मी परत आले तेव्हा डबा रुपेशच्या हातात होता आणि पैसे भरून झाले होते.

मी त्याला भर दुकानात चोर म्हटले. तो एवढेच म्हणाला, "काकू, माझा नंबर आला म्हणून मी घेतला." माझ्या वयापासून वडिलांच्या पुलापर्यंत सगळे मी त्याला ऐकवले. तो मान खाली घालून निघून गेला.

तेवढ्यावर मी थांबले असते तर हे कलम लहान झाले असते. परतीच्या गाडीत मी ग्रुपवर लिहिले की कारंजाच्या एका माणसाने म्हाताऱ्या बाईच्या हातातला सेट हिसकावून घेतला आणि तो चढ्या भावाने विकणार आहे. हिसकावला हे खोटे होते. विकणार हे मी मनाने रचले होते. ग्रुपवरच्या लोकांनी त्याला नाही नाही ते लिहिले. संध्याकाळी तो ग्रुपमधून निघून गेला. मला बरे वाटले. हेही मी लपवत नाही.

त्या दिवाळीनंतर माझे हात थरथरू लागले. एक क्रेनचा सेट अर्धा जोडून झाला होता, तो तसाच टेबलावर राहिला. छत्तीस वर्षे ज्या हातांनी केसाएवढी रेघ ओढली त्यांना दोन ब्लॉक एकमेकांवर बसवता येईनात. मी कोणाला सांगितले नाही.

सन २०२४ च्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, रुपेश फटफटीच्या मागे डबा बांधून माझ्या फाटकाशी आला. मी त्याला ओळखले आणि फाटक उघडले नाही. तो बाहेरूनच म्हणाला, "काकू, वर्ष होत आलं, हा डबा मी उघडला नाई. उघडाले बसलो का तुमचं तोंड दिसते." मी त्याला डबा घेऊन परत जायला सांगितले. तो खरेच वळला. तेव्हा धुरपताबाई मागून म्हणाल्या, "बाई, मानूस उन्हाचा कारंजाहून आला. पानी तरी पाजा."

मी पाण्यासाठी त्याला आत घेतले. पाणी पिऊन तो फळीवरचे सेट बघत राहिला. मग अर्ध्या क्रेनपाशी थांबला आणि विचारले, "हे काऊन राह्यलं?" पेला परत घ्यायला हात पुढे केला आणि त्याने माझा हात पाहिला.

तो मोरीवर गेला. साबणाने दोनदा हात धुतले, नखे घासली, आणि येऊन टेबलाशी बसला. "तुम्ही सांगा, काकू. मी लावतो."

त्या दुपारी क्रेन पूर्ण झाली. पुलाचा डबा पुढच्या रविवारी फोडला.

पंधरा रविवार तो येत राहिला. मी पुस्तकातली आकृती वाचायची, तुकडा सांगायचा, तो बसवायचा. त्याच्याएवढे हलके हात मी खात्यातही पाहिले नाहीत. ट्रकचे टायर उचलणारा माणूस चिमटीत तांदळाएवढा खिळा धरायचा. सातव्या रविवारी माझ्या लक्षात आले की डावा गर्डर एक भोक पुढे बसला आहे आणि त्यावर आम्ही दोन रविवारांचे काम चढवले आहे. तो म्हणाला, "राहू द्या, कोनाले दिसते?" मी म्हटले, मला दिसते. त्याने एकदा माझ्याकडे बघितले आणि उलगडायला सुरुवात केली. कुरकुर केली नाही. त्या रविवारी मी ग्रुपवर खरे काय घडले ते लिहिले आणि त्याची माफी मागितली. ते लिहायला मला वर्षाहून अधिक काळ लागला होता. काहींनी त्याला फोन करून दिलगिरी सांगितली, काहींनी नाही. तो ग्रुपमध्ये परत आला.

ग्रुपवरचा मजकूर नव्या मजकुराखाली गडप होतो. नोंदणी झालेला कागद राहतो. म्हणून येथे स्पष्ट लिहिते: रुपेश चाफले याने माझे काहीही हिसकावले नाही. डबा त्याच्या नंबराने, नियमाने त्याला मिळाला होता. मी त्याच्याविषयी लिहिले ते असत्य होते. माझ्या पश्चात हे कलम ग्रुपवर जसेच्या तसे टाकावे. ही जबाबदारी आदेशची.

कलम ५. पुलाची मालकी. पूल माझ्या घरात आहे, पण रुपेशने विकत घेतला आहे. मी त्याचे पैसे पाकिटात घालून दिले, ते त्याने तीनदा परत केले. तो म्हणतो पूल तुमचा, मी म्हणते तुझा. जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. कायद्याने तो माझा ठरलाच, तर तो रुपेशला द्यावा. बाकीचे एकतीस सेट कसेही करून त्यालाच द्यावे. माझी ड्रॉइंगची पेटी, टी-स्क्वेअर आणि भिंगही त्याला द्यावे. ते माझेच आहेत, त्यावर वाद नाही. त्याची पत्नी सरिता हिने पंधरा रविवार भर हायवेवरचे दुकान एकटीने सांभाळले आणि एकदाही फोन करून कधी येता असे विचारले नाही. माझ्या दोन पैठण्या तिला द्याव्या.

कलम ६. नागपूरच्या सदर दुकानदारावर माझा राग नाही. त्याने दोनदा पुकारले होते. पाच-पाच डबे कोंडून ठेवणाऱ्यांवर मात्र आहे. त्यांना माझ्या मिळकतीतून काही देण्यासारखे नाही. त्यांनी एक तरी डबा फोडून बघावा, एवढे मनापासून सांगणे आहे.

कलम ७. वडिलांचा गँगमनचा हातोडा आणि हातदिवा माझा भाऊ बापूराव याला द्यावा. मागच्या वर्षी पूल पुरा झाल्यावर आदेश त्याला घेऊन आला. मला वाटले आता पुन्हा काही बोलेल. त्याने चष्मा काढला, गुडघे दुखत असताना फरशीवर बसला आणि डोळे रुळाच्या बरोबरीला आणून पलीकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "बाबा कोनत्या बाजूनं चालत?" मी डावी बाजू दाखवली. तो जेवायला थांबला. आता दर पंधरवड्याला येतो. बैठकीतले बोलणे त्याला आठवते की नाही ते मी विचारलेले नाही आणि आता विचारणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आदेशने करावी. कोणी कोर्टात जाऊ नये. कोणाला काही कमी पडले असे वाटल्यास त्याने मी कमी दिले असे समजावे. मला मात्र या सर्वांकडून माझ्या हिशेबापलीकडे मिळाले आहे.

कलम ९. हे कलम आत्ता घातले. टाइप चालू असताना रुपेशचा फोन आला. कंपनी पुढच्या महिन्यात वाफेच्या इंजिनांची शेड काढते आहे, पुन्हा थोडेच डबे, पुन्हा सकाळी साडेनऊ. त्याने विचारले, "काकू, दोघांचे दोन नंबर लावू का?" मी त्याला एकच लावायला सांगितला. जोडून होईपर्यंत मी राहिले तर आकृती मी वाचीन. नाही राहिले तर बापूरावला वाचता येते, त्याला बोलवावे.

वरील मजकूर अण्णाजींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे. सही वेडीवाकडी येते म्हणून शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसाही देत आहे.

लिहून देणार
(सही व अंगठा) उज्वला तानबा थूल

आमच्यासमोर सही व अंगठा केला, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या:

१. (सही) बंडूजी राऊत, निवृत्त पोस्टमन, आर्वी
२. (सही) रुख्मिणी काळबांडे, शेजारी, आर्वी

ठिकाण: आर्वी, जि. वर्धा
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार